बेंबीवरचा तांब्या आणि शेवटचा रणगाडा

अनिश्चित परिस्थितीत माणसाने निर्णय कसा घ्यावा, या विषयावर श्यामसुंदर हर्णेकर यांनी डॉक्टरेट मिळवली होती. त्यामुळे नेरूळच्या मंडईत दुधी घ्यावा की दोडका, या प्रश्नापुढे ते बराच वेळ उभे राहत, दोन्हींच्या बाजूने आणि विरुद्ध विचार करत आणि शेवटी घरी फोन लावत. (नंदिनीबाई म्हणत, "भेंडी आणा.") आयुष्यात एकच निर्णय त्यांनी विचार न करता घेतला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

झालं असं, की त्यांची नात श्रुती बंगळुरूला. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. ते विचारायचे, जेवलीस का? ती म्हणायची, हो. काय जेवलीस? राजमा. मग दोघंही एकमेकांकडे पासपोर्टच्या फोटोसारखे बघत राहायचे, आणि थोड्या वेळाने श्रुती "आजीला दे ना" म्हणायची. एका रविवारी तिने सांगितलं की ती हल्ली इंटरनेटवर रणगाड्यांची लढाई खेळते, पाच जणांची टीम आहे. तेव्हा श्यामसुंदररावांच्या तोंडून निघून गेलं, "मला शिकवशील?" शब्द परत घ्यायला ते तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडे श्रुतीचा चेहरा असा उजळला की ते राहूनच गेलं. राजमा सोडून दुसरा विषय मिळाला होता.

पहिल्या आठवड्यात ते इतक्या वेळा मेले की श्रुतीने श्रद्धांजली वाहणं बंद केलं. सुरुवातीला ते उघड्या मैदानातून सरळ रेषेत जात, कारण दोन बिंदूंमधलं ते सर्वांत कमी अंतर. एकदा रिव्हर्स घेताना अख्खा रणगाडा नदीत घातला. एकदा तर चौकात उजवीकडून शत्रू आला म्हणून त्यांनी थांबून त्याला आधी जाऊ दिलं. (पाम बीच रोडवर त्यांना असं कधी कोणी जाऊ दिलं नव्हतं. शत्रूनेही उपकाराची जाण ठेवली नाही.)

पण श्रुती चिकाटीची. तिने शिकवलं की रणगाड्याचं डोकं जाड असतं आणि पोट पातळ, म्हणून टेकाडाच्या मागे असं उभं राहायचं की पलीकडे फक्त वरचा बुरूज दिसावा. समोरून सरळ तोंड द्यायचं नाही, जरा तिरकं उभं राहायचं, म्हणजे गोळा घसरून जातो. शत्रूचा गोळा सुटला की पुढचा भरेपर्यंत त्याला वेळ लागतो. आपलं जे काय आहे ते तेवढ्यात उरकायचं आणि लगेच जागा बदलायची, कारण मारलं कुठून ते एव्हाना सगळ्यांना कळलेलं असतं. आणि काहीच सुचेनासं झालं तर इंजिन बंद करून नुसते कान द्यायचे. शत्रू दिसायच्या आधी ऐकू येतो.

श्यामसुंदरराव थक्क झाले. अनिश्चिततेवर एवढा प्रबंध लिहिला, पण इतकं उपयोगी वाक्य त्यात एकही नव्हतं. शिवाय हे नियम घरीही चालतात, असा शोध त्यांना लागला.

पूर्वी "गीझर कोणी चालू ठेवला?" असा प्रश्न आला की ते हॉलच्या मध्यभागी येऊन कारणमीमांसा करायचे आणि जागच्या जागी गारद व्हायचे. आता ते वर्तमानपत्राच्या मागे असे बसू लागले की वर फक्त कपाळ दिसावं. नंदिनीबाईंचं बोलून झालं आणि त्या चहाचा घोट घ्यायला थांबल्या, की एवढ्याच फटीत हे म्हणत, "शेवटची आंघोळ तुझी होती." आणि उत्तर यायच्या आत बाल्कनीत. लग्नानंतर प्रथमच त्यांनी एका आठवड्यात दोन भांडणं जिंकली. त्यांना स्वतःबद्दल विश्वास वाटू लागला. (तो त्यांच्या अंगी कधी लागला नव्हता. याही वेळी लागला नाही.)

मग तो रविवार आला. श्रुतीच्या टीमचा महत्त्वाचा सामना दुपारी बाराला होता, आणि त्यांच्यातल्या एकाची परीक्षा असल्यामुळे पाचवी जागा आबांची, म्हणजे श्यामसुंदररावांची होती. श्रुतीने प्रेमाने पण स्पष्ट सांगितलं होतं, की टीमच्या बाकीच्यांना आबा नको आहेत. त्यांच्याकडे कोइम्बतूरचा एक मुलगा तयार आहे. आज आबा लवकर मेले तर पुढच्या रविवारपासून तो येईल. म्हणजे पुन्हा राजमा.

आणि त्याच रविवारी, त्याच बाराला, नंदिनीबाईंनी भाची नमिताचं केळवण ठेवलं होतं. नमिताचा होणारा नवरा दिपेश तिथल्याच शिरवणे गावचा. नेरूळचा नकाशा कागदावर उमटायच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणारं त्याचं घर. तो त्याच्या आजीला, भागीरथीआजींना घेऊन येणार होता. श्यामसुंदररावांवर कामगिरी फार नव्हती. दारात उभं राहून "या, या" म्हणायचं, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि पाहुण्यांशी हवापाण्याचं बोलायचं.

सरळ जाऊन सांगता आलं असतं, की नातीबरोबर खेळायचं आहे, अर्धा तास सूट दे. पण सरळ जाणं म्हणजे उघडं मैदान. त्यांनी बराच विचार केला आणि धुराचा पडदा सोडायचं ठरवलं.

"नंदिनी, पोटात जरा दुखतंय गं."

"कुठे?"

एवढी तयारी त्यांनी केली नव्हती. हात जिथे होता तिथेच राहिला, तो नेमका बेंबीवर. "इथे," ते म्हणाले.

नंदिनीबाईंनी झारा हातात धरून त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "पडा मग," त्या म्हणाल्या आणि पुऱ्यांच्या कणकेकडे वळल्या. एवढ्या सहज सुटका झाली याचाच संशय यायला हवा होता. समोरचा गोळा मारत नसेल तर तो बाजूने येतोय असं समजायचं, हेही श्रुतीने शिकवलेलं होतं. ते त्यांना नंतर आठवलं.

बेडरूमचं दार लोटून ते पलंगावर आडवे झाले. लॅपटॉप डाव्या कुशीला, उशीच्या आडोशाला. माउस उजव्या हाताखाली. श्रुतीने पाठवलेलं बिनवायरचं इवलंसं बटण कानात. सामना सुरू झाला. नकाशावर एक खेडं, दगडी पूल, एक पवनचक्की. त्यांनी पुलाजवळ गवताच्या गंजीमागे गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि कान दिले.

कानात एकेक जण जात होता. आधी टीमचे दोघे पुलावर गारद झाले, मग तिसरा पवनचक्कीपाशी. शेवटी श्रुतीच्याच गाडीने पेट घेतला. समोरचे दोघे शिल्लक, आणि इकडे फक्त प्राध्यापक हर्णेकर.

"आबा, तू एकटा उरलायस," कानात श्रुती कुजबुजली. "प्लीज मरू नकोस."

आणि बेडरूमचं दार उघडलं.

आत भागीरथीआजी, मागे नंदिनीबाई. आजी नऊवारी सावरत पलंगापाशी आल्या, कानातलं बटण पाहिलं, यजमानांना ऐकू येत नाही अशी समजूत करून घेतली आणि खाडीपलीकडे हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर! पोट कुठं दुकतंय?"

मास्तरांनी बोटाने बेंबी दाखवली. आता नवीन जागा सांगणं शक्य नव्हतं. आजींनी शर्टाची बटणं सोडली, दोन बोटं बेंबीत रोवली, डोळे मिटले आणि निदान केलं.

"बेंबी सरकली हाय."

"आजी, मला आता एकदम बरं वाटतंय," श्यामसुंदरराव म्हणाले.

"सरकलेली बेंबी आशीच फसवते. मानूस शिकलेला आसला म्हनून ती जाग्यावर राहते आसा नाय." मग नंदिनीबाईंकडे वळून, "पोरी, जरा कनीक आन, वात आन, आन एक तांब्या."

नंदिनीबाईंची नजर नवऱ्याच्या चष्म्यावर होती. चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक रणगाडा पूल ओलांडत होता. त्या आजींना म्हणाल्या, "हे अंगावर काढतात हो सगळं. चांगला घट्ट लावा." आणि इतक्या तत्परतेने सामान घेऊन आल्या की केळवणाच्या स्वयंपाकातही तेवढी घाई दिसली नव्हती. तांब्या तोच होता, जो पाण्याने भरून ठेवायची कामगिरी श्यामसुंदररावांकडे होती.

पुऱ्यांच्या कणकेचा छोटा दिवा प्राध्यापकांच्या बेंबीवर ठेवला गेला. वात पेटली. आजींनी तांब्या पालथा घातला, आतली ज्योत विझली आणि अनिश्चिततेचे अभ्यासक पोटाच्या बाजूने तांब्यात ओढले गेले.

"आपसूक सुटंपरत हलायचा नाय," आजींनी बजावलं, आणि नाडी बघायला डावा हात आपल्या हातात घेतला.

इथे नीट समजून घ्यायला हवं. रणगाडा पुढे-मागे न्यायचा तर कीबोर्ड लागतो, आणि कीबोर्डाचा हात आजींच्या ताब्यात. पोटावर तांब्या, त्यामुळे कूस बदलायची सोय नाही. उरला होता फक्त उजवा हात आणि त्याखालचा माउस, म्हणजे तोफ तेवढी फिरत होती.

"आबा, मागे ये! दोघंही तुझ्याकडे येतायत," कानात श्रुती.

"मास्तर, श्वास सोडा," दुसऱ्या कानात आजी.

श्यामसुंदररावांनी श्वास सोडला. पहिला रणगाडा गंजीपाशी आला. थांबला. त्याने तोफ यांच्याकडे वळवली, एखाद्या बंद पडलेल्या टेम्पोकडे बघावं तसं बघितलं आणि सरळ पुढे निघून गेला. जाताना त्याची अख्खी पातळ कूस समोर आली. यांचं उजवं बोट दाबलं गेलं.

"मारलास! आबा, आता जागा बदल. पळ तिथून!"

पळायचं म्हणजे तांब्यासकट. आजींनी नाडी घट्ट धरली होती, नंदिनीबाई पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. श्यामसुंदररावांनी छताकडे पाहिलं आणि तोफेत नवा गोळा भरला जायची वाट बघत पडून राहिले. दुसरा रणगाडा धावत आला. मारणारा एव्हाना पवनचक्कीमागे गेला असणार असं धरून तो तिकडे वळला. कोणताही शहाणा माणूस तिकडेच गेला असता. आता त्याची पाठ इकडे होती. गोळा भरून झाला. बोट पुन्हा दाबलं गेलं.

कानात चार मुलं एकदम ओरडली. आनंदाने श्यामसुंदररावांचं अंग पलंगावरून वीतभर उडालं, त्याबरोबर फटकन आवाज होऊन तांब्या सुटला आणि घरंगळत कपाटाखाली गेला.

"बगा," भागीरथीआजी समाधानाने म्हणाल्या. "बसली जाग्यावर. गुन आला म्हनून मानूस उडला." मग पथ्य सांगितलं. तीन दिवस नुसती पेज. तेल नाही, गोड नाही, लोणचं तर नावाला नाही.

त्यानंतर हॉलमध्ये केळवण झालं. नमिता-दिपेशच्या ताटांभोवती रांगोळी, अळूवडी, टम्म फुगलेल्या पुऱ्या आणि वेलची-केशराचं श्रीखंड. दिपेशने आग्रह केला की काकांना निदान चमचाभर तरी द्या. नंदिनीबाई म्हणाल्या, "नको रे, आजींचा शब्द मोडायचा नाही." श्यामसुंदरराव कोपऱ्यातल्या खुर्चीत पेजेचा वाडगा घेऊन बसले होते. पोटावर तांब्याच्या काठाचा लालभडक गोल होता आणि मनात विजय होता.

संध्याकाळी श्रुतीचा कॉल आला. तो चांगला लांबला, आणि त्यात राजमा आला नाही. हसता हसता तिने सांगितलं की समोरच्या टीमच्या कॅप्टनचा मेसेज आला होता. आबांचा रणगाडा गंजीमागे लागल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलला नाही, म्हणून त्यांना वाटलं की हा खेळाडू मशीन तसंच सोडून उठून गेलाय. पहिला म्हणून तर निर्धास्त पुढे गेला. दुसऱ्याला वाटलं, गोळा मारून हा लगेच पळाला असणार.

"मग कोइम्बतूरचा मुलगा?" श्यामसुंदररावांनी भीत भीत विचारलं.

"कॅन्सल. तू पर्मनंट, आबा. फक्त सगळ्यांची एक अट आहे." श्रुती जरा अडखळली. "तू खेळ सुधारायचा नाहीस."

डॉक्टरेटची पदवी घेतानाही त्यांना इतका आनंद झाला नव्हता. फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. नंदिनीबाई उरलेलं श्रीखंड डब्यात भरत होत्या.

"श्रुतीच्या टीमने मला कायमचं घेतलं," ते म्हणाले.

"हो? कशासाठी?"

खोटं एकदा बोलून झालं होतं, आणि त्याचा गोल अजून पोटावर चुरचुरत होता. "जागचं न हलण्यासाठी," त्यांनी सांगितलं.

नंदिनीबाईंनी श्रीखंडाचा डबा फ्रिजमध्ये ठेवला, रात्रीची पेज वाडग्यात वाढली आणि तो त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

"योग्य माणूस निवडला पोरांनी," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बघतेय मी. एवढा सराव दुसऱ्या कोणाचा असणार?"

यावर श्यामसुंदररावांना एक चोख उत्तर सुचलं होतं. पण उत्तर दिलं की लगेच जागा बदलावी लागते, आणि वाडगा काठोकाठ भरलेला होता. ते तिथेच उभे राहिले.