तक्त्यातलं शेंडीबदक

शहरातलं शेवटचं तळं बुजवून तिथे वाहनतळ करायचं ठरलं, तेव्हा प्रशासनाने दयाळूपणे एक अट घातली. तळ्यात शेंडीबदक हा संरक्षित पाणबुडा पक्षी राहतो असं दोन दिवसांत सिद्ध झालं, तर तळं वाचेल. राखणदाराला हायसं वाटलं. त्याची खोली तळ्याकाठीच होती आणि अशी चाळीस बदकं तो बावीस वर्षं रोज पाहत होता. भाबडाच तो! डोळ्यांनी दिसतं तेवढं पुरतं, असं त्याला वाटत होतं.

ओळख-अधिकारी तक्ता घेऊन आले. तक्त्यावर ऐटबाज नर होता. काळाभोर, कुशी पांढऱ्याशुभ्र, डोळा पिवळा, चोच निळसर, डोक्यामागे लोंबती शेंडी. अशा एकूण अकरा खुणा.

"शेंडी कुठाय?"

"ओली आहे साहेब, डोक्याला चिकटलीय."

"म्हणजे नाही. कुशी मळकट का?"

"पिसं झडायचे दिवस आहेत. दोन महिन्यांनी बघा, कशी चमकतात ते."

"नियमात हंगाम नाही. आणि या तपकिरी?"

"माद्या."

"तक्त्यात मादी नाही," म्हणत साहेबांनी निम्मी लोकसंख्या एका फटक्यात वगळली.

मग त्यांनी एका नरावर दुर्बीण रोखली. त्याने बुडी मारली. साहेबांनी लिहिलं, 'पाहणीदरम्यान विनापरवानगी गैरहजर.' वीस सेकंदांनी तो पार पलीकडे वर आला. नोंद झाली, 'वास्तव्य अस्थिर.'

राखणदाराच्या बायकोला राहवलं नाही. "अहो साहेब, तुमच्या ओळखपत्रावर डोकंभर केस आहेत. आता बघा! मग तुम्ही तरी तुम्हीच कशावरून?"

"त्यावर शिक्का आहे," टकलावरून हात फिरवत साहेब म्हणाले. "उद्या शेवटची पाहणी."

राखणदार डोक्याला हात लावून बसला. बायको तडक सुतार भावाकडे गेली. "दादा, तक्त्यातलं बदक हुबेहूब करून दे. तळं गेलं तर आम्ही उघड्यावर पडू रे." दादाने संध्याकाळपर्यंत लाकूड तासलं, रंगवलं आणि शेंडी चांगली दोन खिळ्यांनी ठोकली.

सकाळी साहेबांचा चेहरा खुलला. अकरापैकी अकरा खुणा! "पाहणी संपेपर्यंत जागचा हलला नाही हो! असे सहकार्य करणारे पक्षी आता राहिले नाहीत." तळं संरक्षित जाहीर झालं. नवराबायकोने सुटकेचा निःश्वास टाकला.

आठवड्याने दुसरा आदेश आला. 'संरक्षित पक्ष्याच्या अधिवासात चाळीस अनोळखी पक्ष्यांनी अतिक्रमण केले आहे. राखणदाराने ते तात्काळ हटवावे.' नोकरीचा प्रश्न होता. तो काठाकाठाने पत्र्याचा डबा बडवत फिरला आणि ढसाढसा रडला. बदकं पाण्यावर धावत धावत उडाली, ती पुन्हा आली नाहीत.

आता तिथे कठडा आहे, फलक आहे, रविवारी ही गर्दी! बायकोला अजून राहवत नाही. "अहो, लाकडाचं आहे ते!" ती ओरडून सांगते.

"शू! हळू बोला बाई," लोक मोबाइल सरसावत दटावतात, "उडून जाईल ना!"

त्यातलाच एक फोटो परवा तुम्हाला आला होता. खाली 'निसर्गाची किमया!' असं लिहून तो पुढे पाठवलात, ते तुम्हीच ना?