रूळ सोडून सगळं

जनसुनावणीला अजून अवकाश होता, पण शाळेच्या सभागृहातल्या लांब टेबलावर अख्खं उपनगर मांडून तयार होतं. थर्माकोलची पांढरी घरं, राखाडी रस्ता आणि रस्त्याच्या मधोमध नव्या लाइट रेलचे, म्हणजे छोट्या शहरी रेल्वेगाडीचे, चकचकीत रूळ. आज रहिवाशांनी संमती दिली नाही, तर ही गाडी शेजारच्या उपनगराला जाणार होती आणि इंजिनीअरबाईंची सगळी मेहनत पाण्यात. त्यांनी मॉडेल बनवणाऱ्या कारागिराला बजावलं, "आज कुणालाही नाही म्हणायचं नाही. लोक सांगतील ते करायचं." आणि सुनावणीच्या अध्यक्षांच्या स्वागताला त्या फाटकाशी गेल्या.

पहिल्या आल्या हरकतमावशी. हे नाव त्यांनी मागच्या दोन सुनावण्यांत कमावलं होतं.

"माझं घर कुठंय यात?"

"हे बघा, मावशी."

"हे? हा तर खडूचा तुकडा! माझं दार हिरवं आहे. आणि पुढची बाग कुठे गेली?"

कारागिराने दार रंगवलं, बाग लावली. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर बघतच होते. "मावशींची बाग आली, मग आमची स्कूटर काय चोरीला गेली?" स्कूटर आली. तिच्याखाली झोपणारं कुत्रं आलं. शिंपीणबाईंच्या दुकानाला पाटी आली, पाटीपुढे पायऱ्या आल्या.

"आमच्या बाल्कनीत सासूबाई दाखवा. दिवसभर तिथेच असतात," एक सूनबाई म्हणाल्या.

"दाखवतो. बसलेल्या की ओरडणाऱ्या?"

बघता बघता रस्ता गच्च भरला. कारागिराने फोन लावला. "बाई, एक झाड राहिलंय आणि जागा संपली."

"अध्यक्ष गाडीतून उतरतायत! काहीतरी काढा आणि बसवा!"

कारागिराने टेबलभर नजर फिरवली. कशालाही हात लावावा, तर त्याचा मालक समोर उभा. बिनमालकाची अशी एकच वस्तू दिसली. ती त्याने अलगद उपटून पिशवीत टाकली.

सुनावणी सुरू झाली. अध्यक्षांनी संमती विचारली आणि सभागृहातले सगळे हात वर गेले. इंजिनीअरबाई आनंदाने मॉडेलकडे वळल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात मावशी उठल्या. "माझी हरकत आहे."

इंजिनीअरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"यात सगळं आहे, पण गाडी कुठंय? लेकीकडे जायला मला दोन बस बदलाव्या लागतात. आता काय या कुत्र्यावर बसून जाऊ?"

सभागृह खो खो हसलं. कारागिराने पिशवीतून रूळ काढले. "गाडी आहे हो मावशी, जागा नाही."

"नाही कशी? माझी बाग उचला!"

मग पोस्टमास्तरांनी स्कूटर घरामागे लावली. शिंपीणबाईंनी स्वतःच्या पायऱ्या मोडल्या. रस्ता मोकळा झाला आणि रूळ बसवायला सगळेच धावले. जो तो ते आपल्या दाराकडे ओढू लागला.

"अहो, सरळ! सरळ राहू द्या!" इंजिनीअरबाई ओरडत होत्या. मावशींनी तर रूळ पार हिरव्या दाराला टेकवले.

"मावशी, गाडी इतकी जवळ घेतलीत, तर दिवसभर घरात खडखडाट होईल," इंजिनीअरबाई म्हणाल्या.

"होऊ दे की," मावशी म्हणाल्या. "हे गेल्यापासून घरात आवाज असा नाहीच. गाडी तरी बोलेल."

इंजिनीअरबाईंनी बाकीच्यांच्या हातून रूळ सोडवून सरळ केले. मावशींच्या दारासमोर मात्र बोटभर वळण तसंच राहू दिलं.