पहारेबाईंनी दाजींना अडवलं

मंडळी, माझ्या स्मरणशक्तीबद्दल मी स्वतःच बोलणं बरं दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एकदा माझ्या डोक्यात शिरलेली गोष्ट पुन्हा बाहेर पडत नाही! अख्ख्या खानदानाचे वाढदिवस, सगळ्यांचे फोन नंबर, कोणाच्या लग्नात कोण कोणाशी बोलत नव्हतं, सगळं तोंडपाठ! म्हणून तर दाजींनी त्यांच्या लॅबच्या सुरक्षेचा कारभार माझ्याकडे सोपवला. माझ्या बायकोचं म्हणणं, मला दुसरं काही येत नाही म्हणून सोपवला. पण तिला विचारतो कोण!

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. घरी दाजी, कामावर साहेब. लॅब दातांची. दवाखान्यांतून पेशंटच्या तोंडाची मापं आणि चित्रं आमच्या कॉम्प्युटरवर येतात आणि आमचे कारागीर बाकांवर माना खाली घालून खोटे दात घडवतात. मी रोज बघतो आणि रोज थक्क होतो. खऱ्या दातांनी लाजावं असे दात!

आता दातांचा मामला किती नाजूक, तुम्हीच सांगा. कोणाचे दात जन्मजात आणि कोणाचे आमच्याकडून गेलेले, हे बाहेर फुटलं तर शहरातली अर्धी प्रतिष्ठित माणसं तोंड दाखवायची नाहीत! त्यामुळे एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी, ज्यांचे दातांचे दवाखाने जागोजागी आहेत, दाजींना साफ सांगितलं होतं, "पुढच्या दातांचं माझं सगळं काम तुम्हाला देईन. पण दोन अटी. माझ्या पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये. आणि दात असे हवेत, की खोटे आहेत हे मलासुद्धा ओळखू येऊ नये!"

हे काम मिळालं नाही तर लॅबची अर्धी बाकं उचलायची, असं दाजींनी मला दार लावून सांगितलं. बाकं उचलायची म्हणजे बाकांवरची माणसंही उठणार. मला बाक नव्हतं, पण मीही त्यातच धरलेला असणार, एवढं कळण्याइतका मी हुशार आहे.

मग आम्ही एक कंपनी नेमली. नेटवर्क, फोन आणि माहितीची राखण, तिन्ही एकाच हाती. त्यांची माणसं आली, कपाटात लुकलुकत्या दिव्यांचा एक डबा बसवून गेली आणि जाताना म्हणाली, "आता आम्ही दुरून बघत राहू." मला वाटलं, बोलायची पद्धत! दुरून कोण कशाला बघतंय!

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. बाईंचा आवाज. शांत, गोड आणि जराही न हलणारा.

"नमस्कार, सुरक्षा केंद्रातून बोलतेय. तुमचा प्रिंटर बाहेरच्या एका अनोळखी मशीनशी बोलायचा प्रयत्न करत होता. आम्ही थांबवलंय."

"आमचा प्रिंटर? अहो, तो आमच्याशीसुद्धा धड बोलत नाही!"

"म्हणूनच लक्षात आलं," बाई म्हणाल्या. "आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरला आत्ताच कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावलाय. तो काढायला सांगा."

खिडकीजवळचा कॉम्प्युटर माझा. मोबाइलही माझाच! मी वायर उपटली, वर पंख्याकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, आणि उभं राहून फोनला चक्क नमस्कार केला. मैलोन्‌मैल दूर बसून माझी वायर दिसते म्हणजे काय खायची गोष्ट आहे? त्या दिवसापासून मी त्यांना पहारेबाई म्हणायला लागलो. त्यांचा फोन आला की मी शर्ट नीट करायचो.

या पहारेबाईंनी आमच्या तिघांची नावं अधिकृत म्हणून घेतली. दाजी मालक, ताई कागदोपत्री भागीदार आणि सुरक्षाप्रमुख मी. प्रत्येकाने एक प्रश्न आणि त्याचं उत्तर ठरवून द्यायचं. काही संशय आला की बाई तो प्रश्न विचारणार. दुसऱ्याने कानात सांगितलेलं चालणार नाही. दोनदा चुकलं की बाकीचे अधिकृत लोक लाइनवर येणार आणि तिसऱ्यांदा चुकलं की दार बंद!

दाजींना वेळ नव्हता. "तूच टाक रे काहीतरी सोपं!" म्हणाले. मी टाकलं, 'पत्नीचा वाढदिवस कधी?' बायकोचा वाढदिवस विसरणारा नवरा जिवंत राहतो का कुठे! खाली 'स्वतःसाठी सूचना' असा एक रकाना होता. एवढ्या सोप्या प्रश्नाला सूचना कशाला, म्हणून दाजींचा मी रिकामा ठेवला. माझ्या रकान्यात काहीतरी खरडलं. ताईने तिचं सगळं हात आडवा धरून स्वतःच भरलं.

आणि तो दिवस उजाडला. दाजी नवा कोट, नवा लॅपटॉप आणि ठेवणीतलं हसू घेऊन डॉक्टरीणबाईंच्या ऑफिसात गेले. तिथे मोठ्या पडद्यावर आमच्या लॅबचे नमुने दाखवायचे आणि काम खिशात घालून परत यायचं, असा बेत! मी इकडे खुर्चीवर मांडी घालून निवांत बसलो होतो. तेवढ्यात पहारेबाई!

"तुमच्या साहेबांच्या नावाने कोणीतरी अनोळखी जागेवरून, अनोळखी लॅपटॉपवरून दातांची चित्रं उघडू पाहतंय. मी दार लावून घेतलंय. त्यांना लाइनवर घेते, तुम्ही साक्षीला थांबा."

मी मांडी सोडली.

"अहो, मीच आहे तो!" लाइनवर दाजींचा आवाज आला. आवाज घुमत होता. म्हणजे फोन स्पीकरवर होता आणि अख्खी मीटिंग ऐकत होती.

"असं सगळेच म्हणतात, साहेब," पहारेबाई म्हणाल्या. "तुमचा प्रश्न विचारते. पत्नीचा वाढदिवस कधी?"

मी हसलो. म्हटलं, सुटलो! पण कसलं काय! पलीकडे एक खुर्ची करकरली. मग दाजी घसा खाकरून म्हणाले, "वीस... वीस फेब्रुवारी."

"चूक."

मंडळी, वीस फेब्रुवारीला लॅबचं उद्घाटन झालं होतं!

मला राहवेना. मी खोकलो. महिन्याच्या आकड्याइतकं खोकायचा माझा विचार होता. पण पहिल्या दोन खोकल्यांतच बाई म्हणाल्या, "खोकून सूचना देता येत नाही. पुन्हा खोकलात तर तुम्हालाही बंद करावं लागेल."

उरलेला खोकला मी गिळला. काय बाई आहे! मनातलं ओळखते! इकडे घाम फुटलेला असतानाही मला त्यांचं कौतुक वाटत होतं.

"माझी काही सूचना लिहिलेली असेल ना?" दाजींनी विचारलं.

"तो रकाना रिकामा आहे, साहेब."

"ऑक्टोबर!" दाजी ओरडले. "ऑक्टोबरच! पहिला आठवडा!"

"चूक. नियमाप्रमाणे आता तिसऱ्या अधिकृत व्यक्तीला..."

पण दाजी ऐकतायत कुठे! ते माझ्यावर घसरले होते. "अरे माठ्या, दरवर्षी तूच सकाळी फोन करतोस ना, 'दाजी, आज ताईचा वाढदिवस, फुलं घ्या' म्हणून? मग मी कशाला लक्षात ठेवू? आणि नेमका हाच प्रश्न टाकलास?"

लाइनवर 'टिंग' असं वाजलं. मागे कुठेतरी मिक्सर घरघरत होता. तो मिक्सर मी ओळखतो. त्याचं भांडं मीच दुरुस्त करून आणलं होतं.

"साहेब... दाजी... जरा जपून..." मी कळवळून म्हणालो.

"कसलं जपून! ती आपली फुलं बघून खूश होते. तिला काय कळतंय, आठवण कोणी केली ते!"

मिक्सर बंद झाला.

"आता कळलं," ताई म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंच्या खोलीत कोणीतरी हसू दाबलं आणि ते नाकातून निसटलं.

"अगं, तू आहेस होय!" दाजींचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "बरं झालं! सांग ना पटकन, तारीख किती?"

"सूचना चालत नाही!" ताई आणि पहारेबाई एका दमात म्हणाल्या.

दाजींनी शेवटचा प्रयत्न केला. "मार्च?" एवढंच, तेही गृहपाठ न केलेल्या पोरासारखं.

"चूक. साहेब, तुमचं दार बंद. सुरक्षाप्रमुख साक्षीला आहेत, त्यामुळे आता फक्त मॅडम उघडू शकतात. मॅडम, तुम्ही ठरवलेला प्रश्न विचारते. पतीचं गुपित कोणतं?"

"नको!" दाजी किंचाळले. "अगं, इथे लोक बसलेत! डॉक्टरीणबाई समोर आहेत!"

"मग राहू दे बंद," ताई म्हणाली. "मला काय! मी तर फुलं बघून खूश होणारी बाई!"

मी मागे वळून पाहिलं. सगळे कारागीर बाकांवरून उठून माझ्या दारात जमले होते. कोणाच्या हातात ब्रश, कोणाच्या हातात अर्धा जबडा. नुसते माझ्याकडे बघत होते.

"ताई," मी म्हणालो, "तुझं आणि दाजींचं काय ते घरी बघ. पण बाकांवरची माणसं इथे उभी आहेत गं."

ताईने एक उसासा टाकला. तो उसासा मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्यानंतर मला नेहमी माफी मिळायची, आणि फटकाही.

"त्यांच्यासाठी सांगतेय, तुमच्यासाठी नाही!" ती म्हणाली. "लिहून घ्या, बाई. ह्यांचे वरचे पुढचे दोन दात खोटे आहेत! आणि माझ्या वाढदिवसाला जे हसतात ना, ते हसू त्याहून खोटं!"

"उत्तराचा दुसरा भाग नोंदीत नाही," पहारेबाई शांतपणे म्हणाल्या, "पण पहिला बरोबर आहे. दार उघडलंय."

दार उघडलं, पण पडद्याकडे बघायला कोणाला फुरसत होती! डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "साहेब, जरा आ करा."

"अहो, पण नमुने तर..."

"आ करा! आणि तो दिवा इकडे आणा कोणीतरी!"

खुर्च्या सरकल्या. पावलं वाजली. बराच वेळ नुसतं 'हं... हं...' ऐकू येत होतं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे दोन? मघापासून तुम्ही माझ्यासमोर बसून बत्तिशी दाखवताय! माझं आयुष्य दातांत गेलं, आणि मला कळू नये? कोणी केले हे?"

"आऽऽयाऽऽ आऽऽबऽऽ," दाजी आ केलेल्या तोंडाने म्हणाले.

"आमच्याच लॅबने!" मी इकडून ओरडून भाषांतर केलं. दारातल्या मंडळींत असा काही कल्ला झाला, की अर्धा जबडा कोणाच्या तरी हातून खाली पडला.

"जो पहारा मालकालाच आत सोडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो माझ्या पेशंटना सांभाळेल. आणि दातही बघितले. आणखी काय बघायचं राहिलंय? काम तुमचं!" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि ताई, तुमच्या वाढदिवसाला मला बोलवा बरं का. मला तारीख लक्षात राहील."

काम मिळालं! एक बाक हललं नाही. मी त्या दिवशी कपाटातल्या लुकलुकत्या डब्यासमोर हात जोडून उभा राहिलो, आणि माझ्या मागे रांग लागली.

ताईने मात्र दाजींना तारीख सांगितली नाहीच, आणि मलाही दम दिला, "तू सांगितलंस तर तुझं माझं नातं संपलं!" दाजींनी मला खूप गोंजारलं, पण मी बधलो नाही. आता ते दर सोमवारी ताईसाठी फुलं नेतात. कधीतरी एक सोमवार बरोबर लागेलच, असा त्यांचा हिशेब आहे. ताई मजेत आहे.

आणि मी? दाजींनी खूश होऊन मला नवा लॅपटॉप दिला. मी तो ऐटीत घरी नेला, बायकोसमोर उघडला आणि म्हटलं, "बघ, सुरक्षाप्रमुखाचा रुबाब!" तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीने शर्ट नीट केला.

"अनोळखी जागा, अनोळखी लॅपटॉप," पहारेबाई म्हणाल्या. "तुमचा प्रश्न विचारते. तुमचा सर्वांत मोठा गुण कोणता?"

हात्तिच्या! हा मीच टाकलेला प्रश्न! "प्रामाणिकपणा!" मी म्हणालो.

"चूक."

बायको तोंडात पदर कोंबून आत पळाली.

"मग... कष्टाळूपणा!"

"चूक."

टिंग! लाइनवर मिक्सर घरघरायला लागला. त्याच्या पाठोपाठ दाजींचं हसू ऐकू आलं. या खेपेला ते अगदी खरं होतं.

"शेवटची संधी आहे," पहारेबाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतःसाठी एक सूचना लिहून ठेवलीय. वाचू?"

"वाचा, वाचा! देवासारख्या धावून आलात!"

"तुम्ही लिहिलंय, 'सूचनेची गरज नाही. माझ्या लक्षात राहील.'"

मंडळी, लॅपटॉप अजून बंदच आहे. तुमच्यापैकी कोणाला उत्तर सुचत असेल, तर कृपा करून मला सांगू नका. सूचना चालत नाही!