बहिणीची पत्रिका आणि माझा मॅक्रो

आमच्या रुद्राणीची लग्नपत्रिका मी लिस्पमध्ये करणार, असं घरात जाहीर केलं तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, "पर छापायची केजच्या छापखान्यातच ना?"

लिस्प ही संगणकाची भाषा. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम तिच्यातच करतो. माझ्याइतकी ती कोणाला येत नाही, असं माझं मत होतं. होतं!

काम सोपं होतं. वरपक्षाच्या पत्रिकेत त्यांची मंडळी आधी, आमची नंतर; आमच्या पत्रिकेत उलट. 'पहिला पक्ष' आणि 'दुसरा पक्ष' अशी दोन तात्पुरती नावं ठेवायची, आणि आमच्या पत्रिकेपुरती त्यांची अदलाबदल करायची. अशी कितीही नावं एका दमात बांधायची, म्हणजे प्रत्येक नावाला त्याची मंडळी जोडायची सोय लिस्पमध्ये आयतीच असते. पण आयतं वापरील तो रविराज कसला? मी स्वतःचा मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे आपण दोन ओळी सांगायच्या, बाकीचा कोड त्याने लिहायचा.

माझ्या मॅक्रोने नावं एका दमात न बांधता एकामागून एक बांधली. म्हणजे साखरेच्या डब्यात आधी डाळ भरली, आणि मग साखरेच्या डब्यात जे असेल ते डाळीच्या डब्यात. दोन्हीकडे डाळ, साखर गायब!

कच्ची प्रत घरभर फिरली. आमच्याकडे पत्रिका तपासायची म्हणजे प्रत्येकाने आपलं नाव शोधायचं. काकांना सापडलं, आत्याला सापडलं. आप्पांना दोन ठिकाणी सापडलं, त्यांनी खुशीत प्रत पुढे दिली. पाचशे पत्रिका छापल्या.

पहिली पत्रिका आप्पा वडवणीला व्याह्यांना देऊन आले. दुसऱ्याच दिवशी व्याही सिद्धारामजी ती घेऊन दारात हजर. चहासुद्धा नको म्हणाले.

"कल्याणराव, वाचा."

आप्पांनी चष्मा लावला. "चि. सौ. कां. रुद्राणी हिचा शुभविवाह... चि. सौ. कां. रुद्राणी हिच्याशी..."

"आमचा राजेश्वर कुठं हाय? भावकीतली बावीस नावं दिलती, एक न्हाई. सोयरीक नको असंल तर तोंडानं सांगा की."

आईने डोळ्याला पदर लावला. आतून रुद्राणी म्हणाली, "दादा, मला चालतंय. सासर लई जवळ पडंल." पण तिचा आवाज बारीक झाला होता.

"तासाभरात नवी आणतो," मी म्हणालो. घाईत सुचलं ते केलं. मॅक्रोतल्या दोन ओळी खालीवर केल्या, छापखान्यात पळालो आणि एक प्रत आणून व्याह्यांच्या हातात दिली.

ते बोट फिरवत वाचू लागले. स्वतःचं नाव सापडलं. थोडं खाली पुन्हा सापडलं. "ह्याला म्हणतेत पत्रिका. आता चहा ठेवा."

रुद्राणी चहा घेऊन आली. तिने पत्रिका उचलली, वाचली, परत वाचली.

"दादा, ह्यात मी कुठं हाय?"

मी लॅपटॉपकडे हात नेला, तो तिने मिटून टाकला. पेन घेतलं, एक राजेश्वर खोडला आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. मग आप्पांनी पेन मागितलं. मग आईने, काकांनी, आत्याने. प्रत्येकाने आपापलं नाव लिहिलं. व्याही जागा दाखवत होते.

शेवटी पेन माझ्याकडे आलं, तेव्हा कागदावर माझ्या नावापुरती जागा उरली नव्हती. तीच प्रत छापखान्यात गेली.