कप्तान खगोलरावांचं जीपमधलं मरण

बळवंतरावांनी एकदा ठरवलं की ठरवलं, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. त्या सकाळी जव्हारच्या घरात चहा पिता पिता त्यांनी बायकोला जाहीर केलं, की कप्तान खगोलराव यापुढे बंद.

खगोलराव म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका गमतीदार विज्ञानकथामालेतले मिशाळ अवकाशवीर. सोबत एक तिरसट स्वयंपाकी घेऊन ते ग्रहाग्रहांवर हिंडायचे आणि जातील तिथं घोळ घालून यायचे. मालेचे भाग बारा. पहिले दोन वाचताना बळवंतरावांची हसून हसून मुरकुंडी वळली होती. तिसऱ्यात मात्र लेखकाला काय अवदसा आठवली कोण जाणे, यानाचं इंजिन कसं चालतं हे तो सांगायला बसला आणि उठेचना! बळवंतराव आठवडाभर त्या इंजिनात अडकून पडले.

"नसेल आवडत तर सोडा की," जानकीबाई म्हणाल्या. "तुमच्यावाचून त्या कप्तानाचं काय अडलंय?"

कप्तानाचं नव्हतं अडलं, बळवंतरावांचंच अडलं होतं. ते मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून, आणि रोज जायचे हेमराजच्या जीपनं. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे मागे माणसावर माणूस. पण बळवंतराव वाटेत खगोलरावांची गोष्ट सांगतात म्हणून लोक पुढची जीप सोडून हेमराजचीच धरू लागले. हेमराज खूश. त्यानं आपल्या शेजारची खिडकीची जागा त्यांना कायमची देऊन टाकली. ऐसपैस पाय पसरता येणारी ती जागा! एवढा मान त्यांना ना कचेरीत होता ना घरात. गोष्ट बंद पडली तर जागाही गेली, हे उघड होतं.

यावर त्यांनी नामी तोड काढली. पुस्तक वाचनालयात परत करून टाकलं आणि जीपमध्ये खगोलरावांना मारायचं ठरवलं. नायकच गेला म्हटल्यावर पुढं काय झालं असं विचारणार कोण? चार दिवस जाऊ द्यायचे आणि एखाद्या गुप्तहेराची गोष्ट सुरू करायची. जागा शाबूत.

त्याप्रमाणे त्यांनी शनीच्या कड्यावरून खगोलरावांचा पाय घसरवला. रंगात येऊन स्वयंपाक्याच्या मांडीवर डोकं वगैरे ठेवून प्राण सोडायला लावला. मागे भाजीची पाटी घेऊन बसलेली जामसरची गंगी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आता नातवांना काय सांगू मी?" ही बाई आपली गोष्ट घरी जाऊन नातवंडांना सांगते, हे बळवंतरावांना तेव्हा कळलं. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण पाय पसरून बसलेल्या माणसाचं वाईट वाटणं फार वेळ टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये एरवी टेपवर वाजणारी गाणी बंद. बळवंतरावांनी हळूच गुप्तहेराचा विषय काढला, तर हेमराजनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मध्येच थांबले.

"साहेब, सुतक आहे," तो म्हणाला. "घरच्यासारखा माणूस होता. दहावा होईपर्यंत दुसरी गोष्ट नको."

झालं! गोष्ट नाही, गाणी नाहीत, नुसती गुपचूप बसलेली माणसं. अशा जीपमध्ये कोण चढतंय? लोक दुसऱ्या जीप धरायला लागले, हेमराजची लवकर भरेना, आणि बळवंतरावांना रोज कचेरीत उशीर व्हायला लागला. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा त्यांनी सुतक सांगितलं. साहेबांनी कोण गेलं म्हणून आस्थेनं चौकशी केली. मग मात्र त्यांची पंचाईत झाली.

दहावा यायच्या आधीच अंगणवाडीच्या पुष्पाताई वाचनालयात जाऊन आल्या. जीप सुटल्यावर त्यांनी मागून विचारलं, "बळवंतभाऊ, खगोलराव तिसऱ्या भागात वारले ना?"

"हो ना," बळवंतराव सुस्कारा टाकून म्हणाले.

"मग नवव्या भागाच्या मुखपृष्ठावर मुंडावळ्या बांधून कोण उभं आहे?"

हेमराजनं जीप कडेला घेतली. तो चिडला नाही, ओरडला नाही. पुष्पाताईंना पुढं बोलावलं आणि बळवंतरावांना मागं बसायला सांगितलं. कायमचं.

आता पुष्पाताई खिडकीशी बसून तिसरा भाग वाचून दाखवतात आणि जीप पुन्हा दाबून भरते. एकदा मोखाड्याला उतरताना बळवंतरावांनी त्यांना गाठून विचारलं, की ते इंजिनाचं प्रकरण तुम्ही वाचलंत तरी कसं?

"ती पानं? सोडून दिली मी," पुष्पाताई म्हणाल्या.

असंही करता येतं, हे बळवंतरावांना जन्मात सुचलं नव्हतं.

इंजिनापुढचा भाग भलताच बहारीचा असावा. पुढं हशा पिकतो, पण मागच्या दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या बळवंतरावांना जीपच्या घरघरीत अक्षर ऐकू येत नाही. परवा न राहवून त्यांनी दोन माणसं पुढं बसलेल्या गंगीला विचारलं, "गंगीबाई, काय झालं हो? काय केलं खगोलरावांनी?"

गंगी हसून हसून आलेलं डोळ्यातलं पाणी पुसत होती. मागे वळून न बघताच म्हणाली,

"तुमाला काय करायचा? तुमचा तं मेला ना."