हरकती न मागवता

दिगंबरनानांच्या घरी पिठलंसुद्धा ठरावानं शिजायचं. "आज पिठलं. सूचक मी," असं नाना म्हणायचे, चुलीपुढनं काकू "अनुमोदन" म्हणायच्या, आणि मगच बेसन भिजायचं. नाना जन्मभर ग्रामसेवक होते, रिटायर झाल्यावर उपसरपंच झाले. म्हणजे आधी दुसऱ्यांचे ठराव लिहायचे, आता स्वतःचे मांडतात. मी त्यांचा शेजारी आणि पंचायतीतला सदस्य, त्यामुळं मला दोन्हीकडून सुटका नाही.

काकू आता नाहीत. त्यांनी घराच्या पुढच्या पडवीत शिलाई मशिनी मांडल्या होत्या. सोलापूरच्या कारखान्यातून टॉवेल यायचे, गावातल्या बायका त्यांच्या कडा दुमडून शिवायच्या आणि माल अमेरिकेला जायचा. काकू गेल्या तरी मशिनींची खडखड चालू राहिली. मग अमेरिकेनं आपल्या मालावर जबर शुल्क लावलं आणि टॉवेलांचा टेम्पो यायचा बंद झाला.

दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. नानांनी सभा बोलावली.

"आपल्याला घरपट्टी जराशी वाढवायची म्हणलं तरी आधी हरकती मागवाव्या लागतात," नाना म्हणाले. "अमेरिकेनं मागवल्या का?"

कुणालाच आठवेना. सबब सदर शुल्क बेकायदेशीर असून ते रद्द समजावं, असा ठराव एकमतानं झाला. त्याची प्रत 'अमेरिका सरकार, मार्फत गटविकास अधिकारी' अशी रवाना झाली. सदर देश आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही, असं पंचायत समितीचं उत्तर आलं. नाना खूश झाले. त्यांचं म्हणणं, ठराव चुकीचा आहे असं कुठं म्हणलंय?

पण बायका रिकाम्याच बसल्या होत्या. तेव्हा नानांनी दुसरा ठराव आणला: पंचायतीच्या सत्काराला शाल बंद, यापुढं टॉवेल. कारखान्यात अडकलेला माल स्वस्तात आणायचा आणि कडा इथं शिवायच्या. माल आला तो नेमका नाताळचा. एकेक टॉवेल सतरंजीएवढा, त्यावर बारशिंगे आणि लाल टोपीवाला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. आमच्याकडं मानपान म्हणजे टॉवेल-टोपी. सरपंचांनी टोपीचं काय म्हणून विचारलं, तर नाना म्हणाले, "टोपी त्याच्या डोक्यावरच हाय की. वेगळी कशाला?"

मग सत्कार करायला माणसं पुरेनात. घरपट्टी भरणाऱ्याचा झाला, भरीन म्हणणाऱ्याचाही झाला. म्हशीला लस टोचून घेतली म्हणून एकाचा झाला. म्हशीला कुणी विचारलं नाही. चौकशीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनाही नानांनी म्हातारा पांघरवला. साहेब भर उन्हात त्यात गुंडाळून बसले, त्यालाच घाम पुसला आणि सत्काराचा खर्च बंद करा, असा शेरा मारून गेले.

तरी पडवीतल्या मशिनी काही थांबेनात. मला नवल वाटलं. तिथं शिवायला जाणाऱ्या रुक्मिणवहिनींना मी विचारलं.

"एकच बारशिंगा म्या परत परत शिवतेय," त्या म्हणाल्या. "नाना सांजच्याला शिवण उसवत्यात आन् सकाळी नवा माल आला म्हणून आमच्या म्होरं ठिवत्यात. मजुरी पेन्शनीतली. आमाला कळतंय समदं, पर कुणी बोलत न्हाय. त्यास्नी बरं वाटतं."

संध्याकाळी मी गेलो. नाना पडवीत दाढीचं ब्लेड घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी टॉवेल मांडीखाली सारला, पण सतरंजीएवढा टॉवेल तो, लपतोय कुठं.

मी त्यांच्याशेजारी टेकलो. मग तेच म्हणाले, "मशिनी थांबल्या की घर खायला उठतं रं. खडखड चालू असली की वाटतं, ती बाहेर बायकांत बसलीय."

 एरवी मी नानांची चेष्टा करायची संधी सोडत नाही; ही सोडली.

"हा विषय सभेत काढू नको," नाना म्हणाले. "सूचक मी…" आणि सवयीनं चुलीकडं बघून थांबले.

"अनुमोदन," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडं दुसरं ब्लेड मागितलं.