पहिल्या बक्षिसाचा नकाशा

भूगोल विभागाच्या दाराशेजारी 'विद्यार्थ्यांचे यश आणि संधी' असा मथळा रंगवलेला एक फळा होता. सहा वर्षांत त्यावर यशही लागलं नव्हतं आणि संधीही. लागली होती ती एका हरवलेल्या छत्रीची सूचना. म्हणून चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात तिथे एकदम दोन कागद झळकले, तेव्हा विभागप्रमुख गुरुलिंग हत्तुरे सर दिवसातून चार वेळा, काही काम नसताना, त्या फळ्यावरून जाऊ लागले.

पहिल्या कागदावर यश होतं. बी. ए.च्या शेवटच्या वर्षातल्या रेवणसिद्धने केलेल्या चिंचगुंडी गावाच्या नकाशाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. दुसऱ्या कागदावर संधी होती. पुण्याच्या एका नियोजन कार्यालयात सर्वेक्षकाची जागा होती. तिथले साहेब शनिवारी स्वतः चिंचगुंडीला येऊन नकाशा जमिनीशी ताडून बघणार होते आणि तो खरा उतरला तर रेवणसिद्धची नेमणूक होणार होती. दोन्ही कागदांवर 'मार्गदर्शक : प्रा. गु. शि. हत्तुरे' हे शब्द विद्यार्थ्याच्या नावापेक्षा जरा ठळक उमटले होते. अक्षर सरांचंच होतं.

रेवणसिद्धची आई शिवबाई एका खानावळीत दिवसाला दीडशे भाकऱ्या थापायची. मुलाला नोकरी लागली की तव्यापासून उठायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. पोरानेही उन्हात तीन आठवडे काढून गावातलं घर न् घर मोजलं होतं, इतकंच काय, प्रत्येक घराचा उंबरा कुठल्या बाजूला आहे तेही दाखवलं होतं. बक्षीस मिळालं ते त्या उंबऱ्यांमुळेच.

गुरुवारी दुपारी चिंचगुंडीचा कोंडीबा विभागात आला. हातात ग्रामपंचायतीने लावलेली नकाशाची प्रत होती.

"सर, एक इचारायचं हुतं. देव वळतो का?"

"कुठला देव?"

"आमचा महादेव. देऊळ उगवतीला तोंड करून हाय, आज्या-पणज्यापास्नं. पर ह्यात त्ये आग्नेयेला तोंड करून बसलंय. गावात बोलणं हाय की देव रुसला. सोमवारी अभिषेक घातला, तरी सरळ झाला न्हाई."

"देव?"

"न्हाई, नकाशा."

सर हसले. अडाण्यांना शास्त्र समजावून सांगायची संधी त्यांना फार आवडायची. "कोंडीबा, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो. तुमची उगवती म्हणजे अगदी नेमकी पूर्व नव्हे."

"किती सरकतो?"

"पंचवीस अंश धरा."

"आन् देऊळ किती सरकलंय?"

सरांनी कोनमापक लावला. पंचेचाळीस अंश भरले. त्यांनी तो पुसून पुन्हा लावला. पंचेचाळीसच भरले.

"देवाचं ऱ्हाऊ द्या," कोंडीबा म्हणाला, "माजं आग्नेयेचं दार बी दक्षिणेला सरकलंय. पोरीला नातेपुत्याचं स्थळ आलं हुतं. पाव्हण्यांनी पंचायतीत नकाशा बघितला आन् म्हणाले, दक्षिणेकडं तोंड असल्याल्या घरातली पोरगी आमाला नको."

"अहो, पण पाहुणे तुमच्या घरी आले होते ना? दार त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं की. पर नकाशाला पयलं बक्षीस हाय."

सरांच्या तोंडातली सुपारी जागच्या जागी थांबली, कारण नेमकं तेव्हाच त्यांना सगळं आठवलं. सर्वेक्षणाचा पहिला दिवस होता. माळावर भणाण वारा सुटला होता आणि मोजणीच्या टेबलावरचा कागद फडफडत होता. वर्ग घेऊन पाहणीला आलेल्या सरांनी आपली पानसुपारीची चंची कागदाच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवली होती. शेजारीच होकायंत्राची लांबट डबी होती. चंची कापडाची, पण तिच्या पोटात चांगला पावशेराचा लोखंडी अडकित्ता होता. सुई बिचारी अडकित्त्याकडे बघत बसली आणि रेवणसिद्धने सुईकडे बघून उत्तरेची रेघ मारली. पुढचा सगळा गाव त्या एका रेघेवर उभा राहिला.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. पोराला तेव्हाच शंका आली होती. "सर, देऊळ जरा वाकडं येतंय की," असं तो म्हणाला होता. आणि सरांनी सगळ्या वर्गासमोर त्याला झापलं होतं, "सुई खोटं बोलत नाही. गाव वाकडं असेल."

टेबलाजवळ लोखंड आणू नये, हे सर बारा वर्षं शिकवत होते. परीक्षेत हमखास विचारत होते. दोन मुलांना त्यांनी त्यावरून नापासही केलं होतं.

कोंडीबाला "बघतो" म्हणून वाटेला लावल्यावर सरांनी रेवणसिद्धला बोलावलं. खरं सांगायचं असं ठरवूनच बोलावलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "रेवणसिद्ध, उत्तर चुकलीय. कशी चुकली असेल?"

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, साखळी! मोजायची लोखंडी साखळी मी टेबलाखाली ठेवली असणार बघा. लई मोठी चूक झाली सर. माझ्यापायी तुमचं नाव गेलं."

इथे बोलायला पाहिजे होतं. सर म्हणाले, "हं."

एवढंच म्हणाले. त्या एका 'हं'ची लाज त्यांना घरापर्यंत पुरली. दारात पाऊल टाकताच त्यांनी चंची माडीवरच्या ट्रंकेत टाकली आणि सुपारी कायमची सोडली. पण सुपारी सोडल्याने नकाशा सरळ होत नाही.

शुक्रवारी त्यांना तोड सुचली. मोठ्या माणसाला लाज लपवायला नेहमी शास्त्रच सापडतं. होकायंत्र दाखवतं ती उत्तर आणि पृथ्वीची खरी उत्तर यांच्यात थोडा फरक असतो, हे कुठल्याही पुस्तकात आहे. सरांनी दार आतून लावलं, विभागात टांगलेला मूळ नकाशा चौकटीतून काढला, जुन्या बाणाखाली 'चुंबकीय उत्तर' असं लिहिलं, शेजारी पंचेचाळीस अंशांवर दुसरा बाण काढला आणि त्याखाली लिहिलं 'खरी उत्तर'. मग चौकट पुन्हा ठोकली. आपल्या हुशारीचं त्यांना पाच मिनिटं कौतुक वाटलं. सहाव्या मिनिटाला त्यांनी चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली.

शनिवारी महादेवाच्या पारावर सगळं गाव जमलं होतं. नकाशा खरा की दार, ते बघायला नातेपुत्याचे पाहुणेही आले होते. पुण्याचे साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी आधी साखळी मागवली. देवळापासून विहीर, विहिरीपासून चावडी, चावडीपासून कोंडीबाचा उंबरा अशी दहा अंतरं मोजली. दहाही अंतरं वीतभराच्या फरकात बरोबर निघाली.

"मुला, हात स्वच्छ आहे तुझा," साहेब म्हणाले. रेवणसिद्धने मान वर केली नाही.

मग साहेबांनी सरांनी आणलेल्या चौकटीवर वाकून दोन्ही बाण वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"सोलापूर भागात या दोन उत्तरांमध्ये एक अंशाचासुद्धा फरक नसतो. इथे पंचेचाळीस? हे गाव काय उत्तर ध्रुवाजवळ आहे?"

"न्हाई साहेब," कोंडीबा घाईघाईने म्हणाला, "अक्कलकोटजवळ हाय."

"हा दुसरा बाण कोणी काढला?"

रेवणसिद्धने बाणाकडे बघितलं. अक्षर कुणाचं ते त्याने तेव्हाच ओळखलं. तीन वर्षं फळ्यावर तेच तर वाचलं होतं. त्याने सरांकडे एकदा बघितलं आणि पुढे होऊन म्हणाला, "मी काढला, साहेब."

हत्तुरे सरांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पारासकट जमिनीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा मुलगा हातातोंडाशी आलेल्या नोकरीवर आपल्यासाठी पाणी सोडत होता आणि आपण शाल पांघरून बघत उभे होतो.

"खोटं!" ते ओरडले, तेव्हा पारावरचं कुत्रंसुद्धा उठून गेलं. "साहेब, तो बाण मी काढला. पहिली उत्तरही माझ्यामुळेच चुकली. टेबलावर माझी चंची होती, चंचीत अडकित्ता होता. पोराला शंका आली होती, मी त्याला गप्प बसवलं. आणि परवा तो चूक आपली म्हणाला, तेव्हा मी नुसता 'हं' म्हणालो. लाज वाटते मला."

बोलून झाल्यावर त्यांना तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. तो जेमतेम एकच घेऊन झाला.

"साहेब, ऐकू नका!" रेवणसिद्धच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर मला वाचवायला बोलतायत. साखळी मीच ठेवली होती. चंची तर कापडाची होती, मी बघितलीय की."

"आत अडकित्ता होता!"

"चंची आहे का जवळ?" साहेबांनी विचारलं.

"नाही. गुरुवारपासून मी सुपारी सोडलीय."

साहेब पहिल्यांदाच हसले. "अस्सं."

"सर, तुमी लई मोठं मन केलंत," कोंडीबा म्हणाला, "पर एवढ्याशा अडकित्त्यानं कुटं महादेव वळतोय व्हय?" गावाने माना डोलावल्या. नातेपुत्याच्या पाहुण्यांपैकी म्हाताऱ्याने पुढे येऊन चक्क सरांच्या पायांना हात लावला आणि असे गुरुजी ज्या गावात येतात तिथली पोरगी आपण करणार, दार कुठंही असो, असं जाहीर केलं. कोंडीबाने नारळ फोडला. सर दोन्ही हातांनी नाही-नाही म्हणत होते. लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस.

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. रेवणसिद्धला जागा मिळाली होती, पण खाली शेरा होता : 'मापन उत्तम. होकायंत्राच्या वापरात उमेदवार निष्काळजी आहे, तीन महिने देखरेखीखाली ठेवावे.' शिवबाईने पेढे पाठवले. सरांना एकही गिळवला नाही.

त्याच रात्री त्यांनी साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. अडकित्त्याची आकृती काढली, त्याचं वजन लिहिलं, चंचीची जागा बाणाने दाखवली आणि शेरा काढून टाका म्हणून हात जोडले. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. ते विभागात सगळ्यांसमोर वाचायचा मान रेवणसिद्धला मिळाला.

'आपले पत्र कार्यालयात सर्वांनी वाचले. विद्यार्थ्याची चूक अंगावर घेण्यासाठी आकृतीपर्यंत जाणारा गुरू आम्ही पाहिला नव्हता. शेरा मात्र तसाच ठेवला आहे, चूक झाकणे आपल्यालाच रुचणार नाही. येत्या महिन्यात आमच्या नव्या सर्वेक्षकांपुढे "क्षेत्रकार्यातील प्रामाणिकपणा" या विषयावर आपले व्याख्यान ठेवले आहे. वेळ अर्धा तास ठरली होती. आपला विनय पाहून ती एक तास केली आहे.'

रेवणसिद्धने पत्र घडी करून दोन्ही हातांनी सरांपुढे धरलं.

"सर," तो म्हणाला, "मी पहिल्या रांगेत बसणार बघा."